वाळूजचा बसबार, घरचा वॉटर ब्लॉक: आखणी, घडण आणि चाचणी

मे महिन्यात दुपारी तीनला माझ्या खोलीत ४१ अंश असतात, आणि डिसेंबरात पहाटे १६. त्यामुळे "माझा प्रोसेसर फुल लोडला ६५ च्या वर जात नाही" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठल्या महिन्यात? थंड हवेच्या गावातले आकडे वाचून आणलेला प्रोसेसरचा कूलर संभाजीनगरात, परभणीत, नांदेडात एप्रिल उजाडला की धापा टाकतो. त्यात बिचाऱ्या कूलरचा दोष नसतो. म्हणून या लेखात वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसवून आतून पाणी फिरवायचा तांब्याचा ठोकळा) बनवण्याइतकीच जागा तो मोजण्याला दिली आहे.

इथे सांगतोय तो माझा तिसरा ब्लॉक. पहिला फुटला. दुसरा गळला नाही, दिसायला आरशासारखा होता, पण साध्या फॅनच्या कूलरलाही मागे टाकू शकला नाही. दोघांच्या चुका जागोजागी येतीलच.

उष्णता नेमकी कुठे अडते

पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद अफाट आहे. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर ते एका अंशाने तापायला सुमारे ७० वॉट लागतात. १२० वॉटचा प्रोसेसर मिनिटाला २ लिटरच्या प्रवाहाला जेमतेम ०.९ अंशाने तापवतो. म्हणजे पाणी कमी पडतंय ही भीती सोडा. अडचण तांब्यातून पाण्यात शिरण्याची आहे. तांब्याची उष्णता-वहनाची पत मीटर-केल्व्हिनला ३९० वॉटच्या आसपास, तर पाण्याची ०.६. धातूला चिकटून जो पाण्याचा संथ थर राहतो, तोच खरा अडथळा. त्यावर उपाय दोन: धातूचा पृष्ठभाग वाढवायचा, आणि हा थर पातळ राहील अशा बेताने पाणी अरुंद फटींतून जोरात न्यायचं.

माझ्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये आत नुसती १० मिमी रुंदीची नागमोडी पन्हळ होती. पाणी मजेत फिरून बाहेर यायचं. बाहेरून मी दोन रविवार पॉलिश घासत बसलो होतो, त्याचा उपयोग शून्य.

आपल्याकडे संभाजीनगरात पाणचक्कीला हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. भर उन्हात त्या दालनात उतरलात तर वर पाणी आणि खाली गारवा हे अंगाला कळतं. आपला ब्लॉक म्हणजे तेच दालन, फक्त छत तांब्याचं आणि वरचं पाणी घाईत.

धातू

तांबंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची पत १६०-१७० च्या घरात, पितळाची ११०-१२०, साध्या लोखंडाची ५० आणि स्टेनलेसची जेमतेम १६. जालन्याची सळई घराच्या स्लॅबला उत्तम, इथे तिचं काम नाही.

तांब्याची जाड प्लेट दुकानात मागितली तर अख्खी शीट गळ्यात मारतात. त्यापेक्षा वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जा आणि बसबारचा, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्टीचा, तुकडा मागा. बसबार चांगल्या शुद्धतेच्या तांब्याचा असतो, आणि कापून उरलेले तुकडे किलोवर मिळतात. ६० × १० मिमीच्या पट्टीचा ६० मिमी लांबीचा तुकडा ब्लॉकसाठी (साधारण ३२० ग्रॅम भरतो) आणि चाचणीसाठी ३० × ३० चा आणखी एक तुकडा तेव्हाच मागून घ्या. नंतर पुन्हा गेलात तर तोच माणूस ओळख दाखवेल याची खात्री नाही. कथिलाचा मुलामा असलेला बसबार असला तरी चालतो, घासताना तो निघून जातो.

आखणी

तळाच्या तांब्यात मधोमध १४ फटी, प्रत्येक १ मिमी रुंद, मधलं अंतर धरून दर २ मिमीला एक. म्हणजे फटींचा पट्टा २७ मिमी रुंद होतो. खोली ५ मिमी, खाली ५ मिमी तांबं शिल्लक.

या फटी व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) १ मिमीच्या एंडमिलने काढायच्या म्हटलं तर ऑपरेटर तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल. तांबं चिकट असतं, बारीक कटर त्यात पटापट तुटतात. साधी मिलिंग मशीन आणि ६३ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची स्लिटिंग सॉ (पातळ गोल करवत) हे काम निवांत करते. सॉ पुढे-मागे न सरकवता सरळ ५ मिमी खाली उतरवायची आणि वर घ्यायची, एवढंच. गोल सॉ ५ मिमी खाली गेली की वरच्या पृष्ठभागावर आपोआप ३४ मिमी लांबीची फट पडते, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उथळ. प्रोसेसर जिथे सर्वांत जास्त तापतो तिथेच फट खोल. टेबल २ मिमी सरकवा, पुन्हा उतरवा. कूलंट सोडत राहा. फीड हळू ठेवा.

हे झालं की बर काढण्याला वेळ द्या. फटींच्या काठावर तांब्याचे बारीक कुसळ राहतात आणि एखादं सुटलं तर पंपापर्यंत फिरून येतं. मी जुन्या टूथब्रशने आणि वाकवलेल्या ब्लेडच्या तुकड्याने साफ करतो.

वरचं झाकण १५ मिमी जाड अ‍ॅक्रिलिकचं, त्याच ६० × ६० मापाचं. डेल्रिन (एक कडक प्लॅस्टिक) जास्त टिकाऊ आहे, पण पहिला ब्लॉक पारदर्शकच करा. आत हवा कुठे अडते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचे ब्लॉक आंधळेपणाने बनवले तरी चालतात. झाकणाच्या खालच्या बाजूला तीन खाचा लागतात, तिन्ही ५ मिमी खोल. एक मधोमध, फटींना आडवी, ३ मिमी रुंद आणि २७ मिमी लांब. ही पाणी आत येण्याची. दोन बाजूंना, केंद्रापासून १६ मिमीवर, ६ मिमी रुंद आणि २८ मिमी लांब. या पाणी गोळा करण्याच्या. पाणी मधल्या खाचेतून सरळ फटींच्या तळावर आदळतं, दुभंगतं आणि दोन्ही टोकांकडे पळतं. झाकण फटींच्या माथ्याला टेकलेलं असल्याने त्याला वरून पळवाट नसते.

मधल्या खाचेच्या बरोबर वर १/४ बीएसपीचा (बीएसपी म्हणजे पाइपच्या पेचांचं प्रमाणित माप) आटा. दोन्ही बाजूच्या खाचांना १/८ बीएसपी, पण एकमेकांसमोर नाही. एक केंद्ररेषेच्या ८ मिमी वर, दुसरा ८ मिमी खाली घ्या, म्हणजे फिटिंग आवळताना स्पॅनरला जागा राहते. १/४ ला ११.८ मिमीचं आणि १/८ ला ८.८ मिमीचं ड्रिल. आटा साधारण ९ मिमी खोल, त्याच्या खाली ६ मिमीचं भोक खाचेपर्यंत. बीएसपी निवडण्याचं कारण एवढंच की न्यूमॅटिकवाल्यांकडे (दाबाच्या हवेचं सामान विकणाऱ्यांकडे) याची फिटिंग्ज आणि पीयू ट्यूब कुठल्याही एमआयडीसीच्या गेटसमोर मिळतात.

इथेच माझा पहिला ब्लॉक फुटला. न्यूमॅटिकची बरीच पुश फिटिंग्ज टेपर (टोकाकडे निमुळत्या) आट्याची असतात. लोखंडात ती आवळत नेली की घट्ट बसतात, अ‍ॅक्रिलिकमध्ये मात्र पाचरीसारखी शिरतात. टेफ्लॉन टेपचे चार वेढे देऊन मी मनापासून आवळलं आणि रात्री अकराला "टक्" असा आवाज आला. सरळ आट्याची, तोंडाशी ओ-रिंग असलेली फिटिंग्जच मागा आणि हाताने घट्ट झाल्यावर पाव वेढा पुरे. अ‍ॅक्रिलिक स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नका, आट्यांच्या कडांना जाळीदार तडे जातात. साबणाचं पाणी बास.

ओ-रिंग नायट्राइल रबराची, आतला व्यास ४८, जाडी २.५ मिमी. तिचा गोल खोबण झाकणात लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये धरून काढा: २ मिमी खोल, ३.२ मिमी रुंद. खोली नीट मोजा. १.८ झाली तर झाकण वाकतं, २.३ झाली तर रिंग नुसती पडून राहते. चार कोपऱ्यांना एम४ चे स्क्रू, तांब्यात ३.३ चं ड्रिल करून टॅप. तांब्यात टॅप मारताना तेल घाला, अर्धा वेढा पुढे गेलात की पाव मागे या. स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

तळ सपाट करणे

आरसा नको, सपाटी हवी. जाड काच टेबलावर ठेवा, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा. ब्लॉकच्या तळावर मार्करने चौकट्या आखा आणि दहा-बारा वेळा ओढून बघा. कडेच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या तर तळ खोलगट आहे. दर दहा फेऱ्यांना ब्लॉक पाव वेढा फिरवा, हाताचा भार मध्यावर ठेवा, डुलवू नका. सगळ्या रेघा एकदम जायला लागल्या की ६००, मग १०००, आणि थांबा. ओळखीच्या टूलरूममध्ये सरफेस प्लेट (अगदी सपाट तबकडी) असेल तर ब्ल्यू (निळा रंग) मारून बघून घ्या.

पकड

खरं बळ तांब्यावर मधोमध यायला हवं, म्हणून झाकणाच्या स्क्रूंवर भार टाकू नका. वरून ४ मिमीची पट्टी किंवा फुलीच्या आकाराची प्लेट, तिच्या चार भोकांतून मदरबोर्डच्या भोकांत स्टड आणि स्टडवर स्प्रिंग. भोकांचं अंतर इंटेलच्या ११५५, ११५१, १२०० या सॉकेटना ७५ × ७५ मिमी, एलजीए १७०० ला ७८ × ७८, आणि एएमडीच्या एएम४ ला ९० × ५४. फायबरचे वॉशर विसरू नका. बोर्डाच्या मागे लोखंडी पट्टी सोल्डरच्या टोकांना टेकली तर चाचणीची वेळच येणार नाही. पहिल्या प्रयोगाला जुना, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा बोर्ड घ्या.

बाकीचा फेरा

रेडिएटर म्हणून भंगारातल्या विंडो एसीची कॉइल चांगली, पण तांब्याच्या नळीचीच बघून घ्या. बाहेरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे असले तरी पाणी फक्त तांब्यालाच लागतं. आतून कॉम्प्रेसरचं तेल असतं, ते गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तीन-चार वेळा धुवा. हल्लीच्या गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका: एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा पांढरा गाळ आपल्या १ मिमीच्या फटींत बसतो.

पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल कशी होते ते ज्याने पाहिलंय त्याला याचं कारण सांगायला नको. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. त्यात थोडं गाडीचं कूलंट घातलं तर गंज आणि शेवाळ दोन्ही आटोक्यात राहतात. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, तेव्हा लहान मुलं आणि मांजर दोघांपासून डबा लांब.

पंप डेझर्ट कूलरचा चालतो. तो २३० व्होल्टचा आणि पाण्यात बुडालेला, म्हणून ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (गळतीचा करंट दिसताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) लावा आणि अर्थिंग खरोखर आहे का ते तपासा. आणखी एक सापळा आपल्या भागातलाच. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि पंप साध्या बोर्डवर असेल तर लाईट गेल्यावर पंप थांबतो आणि प्रोसेसर मात्र चालूच. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

चाचणी पहिली: गळती

कॉम्प्युटर अजून कपाटातच राहू द्या. ब्लॉक पाण्याने भरा, दोन तोंडं बंद करा, तिसऱ्या तोंडाला लांब ट्यूब लावून ती गच्चीवर न्या आणि वरपर्यंत भरा. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. दुमजली घराच्या गच्चीवरून ६ मीटर मिळाले तर ०.६ बार, कूलरच्या पंपाच्या दाबाच्या तिप्पट तरी. खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. थेंब पडला तर कागदावर डाग राहतो, वाळला तरी दिसतो. कॉम्प्रेसरची हवा भरून तपासण्याचा मोह टाळा. दाबलेल्या हवेने अ‍ॅक्रिलिक फुटलं तर तुकडे उडतात, पाण्याने फुटलं तर फक्त फरशी ओली होते.

चाचणी दुसरी: प्रवाह

पूर्ण फेरा जोडा, दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र आणणारी परतीची ट्यूब १ लिटरच्या मापात सोडा, मोबाईलवर सेकंद मोजा. ३० सेकंदांत भरलं तर मिनिटाला २ लिटर. ६० च्या पुढे गेलं तर कुठेतरी ट्यूब मुडपली आहे, हवा अडली आहे किंवा फटींत कचरा आहे. पारदर्शक झाकणाचे पैसे इथे वसूल होतात. माझ्या ब्लॉकमध्ये एका बाजूच्या खाचेत हवेचा बुडबुडा बसला होता आणि निम्म्या फटी कोरड्या होत्या. ब्लॉक तिरका धरून टिचक्या मारल्यावर तो निघाला.

चाचणी तिसरी: खोटा प्रोसेसर

नेमके किती वॉट घालतोय हे कळावं म्हणून आधी खऱ्याच्या जागी खोटा प्रोसेसर. ३० × ३० च्या तुकड्यात कडेने ६ मिमीची तीन भोकं पाडा आणि त्यांत थ्रीडी प्रिंटरचे १२ व्होल्ट, ४० वॉटचे हीटर बसवा. दोन हीटरच्या मधून, ब्लॉकला टेकणाऱ्या बाजूपासून २ मिमीवर बारीक भोक पाडून त्यात प्रिंटरचाच थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर). बाकी सगळीकडून ग्लासवूल गुंडाळा. वीज कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) १२ व्होल्टवरून घ्या. हीटरवर छापलेल्या ४० वॉटवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने व्होल्ट आणि अँपिअर मोजून गुणाकार करा.

पंप चालू झाल्यावरच हीटर. उलट क्रमाने केलंत आणि ब्लॉकमध्ये पाणी नसलं, तर दोन्ही तांबी मिळून सेकंदाला पाऊण अंशाच्या वेगाने चढतात, दीड मिनिटात शंभरी ओलांडतात.

सेन्सर तीन लागतात: खोट्या प्रोसेसरचा, ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा आणि खोलीतल्या हवेचा. हवेचा सेन्सर पंख्याच्या किंवा एसी कॉइलच्या झोतात ठेवू नका. वापरण्याआधी तिन्ही, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, एकाच ग्लासात बर्फाच्या चुऱ्यात बुडवा, मग कोमट पाण्यात, आणि कोण किती वर-खाली दाखवतो ते वहीत लिहा. डीएस१८बी२० सारखा चांगला सेन्सरही अर्ध्या अंशाची चूक करू शकतो. आपल्याला फरक मोजायचा असल्याने ही वजाबाकी केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता धीर. फेऱ्यात २ लिटर पाणी असेल तर १२० वॉटला ते एका अंशाने तापायला ७० सेकंद लागतात, आणि सगळं स्थिर व्हायला अर्धा तास जातो. पाच मिनिटांत काढलेले सुंदर आकडे पाणी अजून तापायचं राहिलंय एवढंच सांगतात. लागोपाठ तीन वाचनं, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, सारखी आली की लिहून घ्या.

हिशोब सोपा. खोट्या प्रोसेसरच्या तापमानातून शिरणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करा, वॉटने भागा. माझ्या तिसऱ्या ब्लॉकला १२० वॉटला १३ अंशांचा फरक पडला, म्हणजे वॉटला ०.११ अंश. त्या आरशासारख्या दुसऱ्याला ४१ अंश, म्हणजे ०.३४. हा आकडा ब्लॉकचा स्वतःचा. तो मे असो की डिसेंबर, फारसा बदलत नाही, आणि लातूरच्या मित्राच्या ब्लॉकशी ताडून बघता येतो तो हाच. शिरणारं पाणी हवेपेक्षा किती गरम, हा दुसरा आकडा रेडिएटरचा. दोन्ही वेगळे ठेवा, नाहीतर रेडिएटरच्या पापाचं माप ब्लॉकच्या पदरात पडतं.

वॉटचं माप बरोबर आहे का याचा ताळाही घेता येतो. मिनिटाला २ लिटरला आत-बाहेरच्या पाण्यात एक अंशाचाही फरक नसतो, तो आपल्या सेन्सरना पकडता येत नाही. ट्यूब चिमटून प्रवाह अर्ध्या लिटरवर आणा: १२० वॉटला साडेतीन अंशांच्या जरा खाली फरक दिसायला हवा. अडीचच दिसला तर उष्णता दुसरीकडे गळते आहे किंवा मोजमाप चुकलंय.

यानंतर ब्लॉक काढा, दोन्ही तांब्यांमधली थर्मल पेस्ट (बारीक फटी भरून उष्णता पुढे नेणारा लेप) पुसा, नवीन लावा, पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. असं तीनदा. माझ्याकडे तीन वेळचे आकडे एकमेकांपासून दीड अंशापर्यंत सरकले. म्हणजे नवी पेस्ट किंवा नवं झाकण एका अंशाने सरस ठरलं असं म्हणायचा हक्क मला नाही.

खरा प्रोसेसर

आता कपाट उघडा. ब्लॉक बसवल्यावर कॉम्प्युटर चालू न करता फक्त पंप चोवीस तास चालवा, सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून. मग प्रोसेसरला पूर्ण राबवायला लिनक्सवर स्ट्रेस-एनजी, विंडोजवर प्राइम९५ लावा आणि तापमानासोबत पॅकेज पॉवरचे (प्रोसेसर खात असलेल्या विजेचे) वॉटही नोंदवा. इथे फरक खोट्या प्रोसेसरपेक्षा जास्त येईल. उष्णता चिपच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते आणि वाटेत चिपचं स्वतःचं धातूचं झाकण असतं. माझ्याकडे १२० वॉटला पाणी हवेच्या ९ अंश वर आणि प्रोसेसर पाण्याच्या ३० अंश वर, म्हणजे हवेपेक्षा एकूण ३९. डिसेंबरच्या पहाटे ५५, मेच्या दुपारी ८०. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, तेव्हा मेमध्येही हातात वीस अंश राहतात.

कूलरच्या टाकीचा जुगाड

हे मराठवाड्यातच शोभतं. ४२ अंशांची हवा आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २२ च्या आसपास येतं. माठ त्याच जिवावर गार राहतो आणि डेझर्ट कूलरची टाकीही. टाकीचं पाणी थेट ब्लॉकमध्ये नेऊ नका, बाष्पीभवनाने त्यातले क्षार दाट होत जातात. त्याऐवजी तांब्याच्या नळीची ५-६ मीटरची गुंडाळी टाकीत बुडवा आणि आपलं डिस्टिल्ड पाणी तिच्यातून फिरवा. कूलर चालू असेल तर खोलीची हवा ४१ असताना ब्लॉकला पंचविशीतलं पाणी मिळू शकतं. नुसत्या बाष्पीभवनाने टाकी दवबिंदूच्या खाली जात नाही, त्यामुळे ब्लॉकवर घाम धरण्याचीही भीती नाही. टाकीत बर्फाची लादी टाकलीत तर मात्र आहे, आणि ऑगस्टमध्ये हमखास.

पाऊस लागला की हवेत ओल येते, कूलर ठप्प होतो आणि गुंडाळीचा फायदाही आटतो. मी मृगाला गुंडाळी काढून एसीची कॉइल जोडतो. त्याच वेळी झाकण उघडून फटी बघतो, ओ-रिंग बदलतो आणि वहीत त्या दिवशीच्या हवेचं तापमान लिहून नवं पान सुरू करतो.